गोळ्यांच्या चिठ्ठीवर आवाजाचा व्यायामही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून कंपवाताबद्दल दोन-चार ओळी छापून येतात आणि सोबत थरथरणाऱ्या हाताचं चित्र असतं. माझा हात आजही फारसा थरथरत नाही. माझा आधी आवाज गेला. तो जातोय हे मला स्वतःला कळलं नाही, घरच्यांना कळलं तेव्हा त्यांनी भलतंच कारण धरलं, आणि आजाराचं नाव समजल्यावरही आवाजासाठी काही करता येतं हे सांगायला कोणी नव्हतं. त्यात एक वर्ष फुकट गेलं. दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मालवण तालुक्यातला, आचरा रस्त्यावरच्या एका गावचा. एस.टी.त ३१ वर्षं वाहक होतो, २०१८ साली ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. वाहकाचं निम्मं काम आवाजावर चालतं. पावसाळ्यात खिडक्या बंद, इंजिनाची घरघर, बाजाराच्या दिवशी टोपल्या घेऊन चढलेल्या बायका, आणि या सगळ्यातून मागच्या बाकावर डोळा लागलेल्या म्हाताऱ्याला त्याचं गाव, कट्टा, आलं हे कळायला हवं. मालवण-कसाल गाडीवर 'कट्टाऽ, कट्टा कोण हा?' अशी हाळी दिली की ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सगळे मान वर करायचे. आवाजासाठी वेगळं काही करावं लागतं असं तेव्हा कधी मनातही आलं नाही.

त्याच आवाजावर आमच्या घराण्याकडचा एक मानही मी वीस वर्षं सांभाळला. जत्रेला देवळासमोर गाऱ्हाणं घालायचा मान. कोकणातल्या वाचकांना ते काय असतं हे सांगायला नको. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करायची, गावचं सुखदुःख देवापुढे मांडायचं, मुंबईला गेलेल्या लेकरांची राखण कर म्हणायचं, आणि प्रत्येक वाक्य संपलं की सगळा गाव एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गाऱ्हाण्याला कागद नसतो आणि आमच्याकडे माइकही लावत नाहीत. दीपमाळेपाशी उभ्या असलेल्या माणसालाही शब्द कळले पाहिजेत, तरच तो व्हय म्हणणार.

२०२२ च्या जत्रेत पहिल्या वाक्यानंतर माझ्या पुढ्यातल्या पाच-सहा जणांनीच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मागे माणसं आपसात बोलत होती. दुसरं वाक्य झालं, तिसरं झालं, तसंच. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या पुतण्याने माझे शब्द उचलून मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि तेव्हा कुठे सगळ्या देवळातून होकार आला. त्या रात्री घरी येऊन मी बायकोला म्हणालो, हल्ली लोकांचं देवाकडे लक्ष राहिलं नाही. मला अगदी मनापासून तसं वाटत होतं. माझ्या कानाला माझा आवाज नेहमीसारखा भरदार येत होता. या आजारात आवाजाचं जे होतं ते सगळं या एका गोष्टीत आहे, म्हणून ती इतकी सविस्तर सांगितली.

घरीही तेच चाललं होतं. मी ओसरीवरून काही सांगितलं की बायको चूल सोडून बाहेर येऊन उभी राहायची. 'अवो, काय म्हणतास? आयकाक येणा नाय.' दिवसातून दहा वेळा. मी चिडायचो. मुलगा डोंबिवलीला असतो, रोज रात्री फोन करतो. तो म्हणायचा, 'बाबा, आवाज येत नाही, रेंज नाही वाटतं, आईकडे द्या.' आईकडे दिला की रेंज यायची. आमच्याकडे रेंजची बोंब इतकी नेहमीची आहे की यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी फोन घेऊन विहिरीपाशी जायचो, तिथून वरच्या पाणंदीत जायचो, तिथे चांगल्या चार दांड्या दिसायच्या, तरी मुलगा म्हणायचा रेंज नाही. हळूहळू फोन आला की मी न बोलताच तो बायकोच्या हातात द्यायला लागलो. नात विचारायची, आजोबा रागावलेत का? कारण मे महिन्यात घरी आली तेव्हा माझा चेहराही तिला रागावल्यासारखा दिसला होता. या आजारात चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, हसू चेहऱ्यावर येत नाही, हे तेव्हा आम्हा कुणाला माहीत नव्हतं.

कोकणात किती घरांत आज म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत आणि मुलं मुंबई-पुण्याला आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या घरांना जोडणारी एकच गोष्ट आहे, फोनवरचा आवाज. तो बारीक होत गेला तर माणूस घरातच राहून घराबाहेर पडतो. म्हणून माझं सगळ्या मुलांना कळकळीचं सांगणं आहे. गावाकडून फोनवर आवाज नीट येत नसेल, आणि त्याच घरातल्या, त्याच फोनवरून दुसऱ्या माणसाचा आवाज नीट येत असेल, तर रेंजला दोष देऊन गप्प बसू नका.

शेवटी २०२३ मध्ये मी बायकोला कान तपासायला कणकवलीला घेऊन गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तिला बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून तपासलं. मी बाहेर बसून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देत होतो. तपासणी झाली आणि त्या म्हणाल्या, 'काका, काकींचे कान या वयाला उत्तम आहेत. मला तुमच्याशी बोलायचंय.' मग मला समोर बसवून एका दमात 'आऽ' म्हणायला लावलं, एक परिच्छेद वाचायला लावला, कागदावर नाव लिहायला सांगितलं. लिहिताना माझं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. 'आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका,' एवढंच बोलल्या. पुष्कळांना माहीत नसतं म्हणून सांगतो, आपल्याकडे कान तपासणाऱ्या आणि वाचा-उपचार करणाऱ्या व्यक्तीचं पदवीचं शिक्षण एकच असतं. त्या दिवशी आम्ही कानासाठी गेलो म्हणून माझा आजार सापडला.

मागे वळून पाहिलं तर खुणा आधीपासून होत्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्या वेबिलावरचे आकडे बारीक होत गेले होते. हिशेब घेणारा कारकून चष्मा वर करून दोनदा विचारायचा. आणि वास. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडली की पूर्वी मला वाडीच्या तोंडाशी कळायचं आज घरात काय शिजतंय. तो वास येईनासा होऊन सहा-सात वर्षं झाली. मी बायकोला म्हणायचो, तिरफळं जुनी वापरतेस. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं-हातपाय झाडणं या गोष्टी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात. प्रत्येकाला सगळ्या होतात असं नाही, आणि यातली एखादी असली म्हणजे पार्किन्सन झालाच असंही नाही.

कोल्हापूरला जाऊन दाखवलं. फोंडा घाटातून गाडीने जायचं-यायचं म्हणजे पहाटे निघून रात्री घरी. तपासून निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांचा गुण आला हे मी मोकळेपणाने सांगतो. उजव्या हाताचा जडपणा कमी झाला, सदऱ्याची बटणं पुन्हा झटपट लागू लागली, चालण्यात सुधारणा झाली. आवाज मात्र होता तिथेच राहिला. दुसऱ्या खेपेला मी आवाजाचं विचारलं, तर उत्तर मिळालं, 'वयाप्रमाणे होतं, गोळ्या चालू ठेवा, बघू.' तिसऱ्या खेपेलाही तेच. बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती, डॉक्टरांकडे माझ्यासाठी पाच मिनिटं होती. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण त्या पाच मिनिटांत चिठ्ठीवर एक ओळ लिहिली असती, 'वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा', तर माझं वर्ष वाचलं असतं. हात आणि पाय यांना गोळ्यांचा जसा फायदा होतो तसा भरवशाचा फायदा आवाजाला होत नाही, ही गोष्ट या विषयातल्या जाणकारांना चांगली माहीत आहे. मेंदूत तारा घालून करतात त्या शस्त्रक्रियेनेही हाताची थरथर थांबते, पण काही जणांचं बोलणं उलट आणखी अस्पष्ट होतं.

इथे एक गोष्ट आमच्या गावकऱ्यांसाठी. निदान कळल्यावर दोघा-तिघांनी मला खाजकुयलीच्या बिया कुटून घ्यायला सांगितलं. त्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे, आणि गोळीतही तेच द्रव्य आहे. म्हणूनच तर घरच्या घरी घेऊ नये. गोळीच्या वर ते किती पोटात गेलं याला माप राहत नाही. आयुर्वेदिक घ्यायचं असेल तर वैद्यांना गोळ्या दाखवून, डॉक्टरांना सांगून घ्या. कुंपणावरून तोडून आणू नका.

आवाजाचं असं का होतं ते मला नंतर माझ्या थेरपिस्ट बाईंनी समजावलं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन कमी पडतं आणि शरीराची प्रत्येक हालचाल आपोआप लहान होते. पाऊल लहान पडतं, अक्षर लहान येतं. बोलणं हीसुद्धा हालचालच आहे. छाती पुरती फुगत नाही, घशातले स्वरतंतू एकमेकांना नीट भिडत नाहीत, मधून हवा निसटते, जीभ आणि ओठ अर्धवट हलतात. आवाज बारीक, घोगरा, एकसुरी होतो. पण याहून मोठी अडचण ही की, आपण किती जोरात बोलतोय हे सांगणारा आतला काटाच चुकतो. मी कुजबुजत असतो आणि मेंदू सांगतो, बरोबर आहे. कुणी मोठ्याने बोलायला लावलं की मेंदू सांगतो, तू ओरडतोयस. म्हणून बायकोने दिवसातून दहा वेळा 'मोठ्यान बोला' म्हटलं तरी उपयोग होत नाही. दोन वाक्यं मोठी येतात, तिसरं परत घशात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. रुग्णाचं बोलणं कळेनासं होतं हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. पण आवाजासाठी नेमकी पद्धत बसायला १९८७ साल उजाडलं. अमेरिकेत लॉरेन रेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. तिला नाव दिलं ते ली सिल्व्हरमन या पार्किन्सन झालेल्या बाईंचं. त्यांच्या घरच्यांचं एवढंच म्हणणं होतं की तिचं बोलणं आम्हाला ऐकू यावं, समजावं. हे वाचलं तेव्हा चूल सोडून विचारायला येणारी माझी बायको डोळ्यांसमोर आली. या पद्धतीला एलएसव्हीटी लाउड म्हणतात. आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, रोज एक तास, म्हणजे १६ बैठका, आणि त्याशिवाय घरचा अभ्यास. शिकवणारा त्यात प्रशिक्षण घेतलेला असावा लागतो.

कणकवलीच्या बाईंनी ते प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांनी पुण्याच्या एका थेरपिस्ट बाईंचा नंबर दिला. त्या मोबाइलवर व्हिडिओने शिकवायला तयार झाल्या. घरात रेंज खरोखरच नसते, म्हणून पुतण्याने वरच्या पाणंदीला लागून असलेल्या आमच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, बाक टाकून दिला, मोबाइल उभा करायला जांभ्याचा चिरा ठेवला. तिथे मी गेल्या वर्षी १६ तास बसलो.

पहिल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका मोबाइलवर डेसिबल मोजण्याचं अ‍ॅप घ्यायला लावलं. तोंडापासून एक फुटावर ठेवायचं आणि साधं बोलायचं. आकडा ६२. त्या म्हणाल्या, साधारण बोलणाऱ्या माणसाचा इतक्या अंतरावर ७० च्या आसपास असतो. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण डेसिबलचं माप वेगळं आहे, १० वाढले की ऐकणाऱ्याला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. मग श्वास भरून 'आऽ' धरायचा, जमेल तितका लांब, जमेल तितका ठणठणीत, पण घसा न आवळता. पहिल्या दिवशी ८ सेकंद. रोज पंधरा वेळा तो 'आऽ' धरायचा. त्यानंतर 'आ' खालच्या सुरातून वर न्यायचा, मग वरून खाली आणायचा.

मग रोजची दहा वाक्यं. ही वाक्यं ज्याची त्याने निवडायची, जी घरात खरोखर बोलली जातात तीच. बाईंनी विचारलं तेव्हा मी आणि बायकोने बसून यादी केली. 'चाय ठेव गो.' 'गोळी घेतलंय.' 'कोण आसा भायर?' 'पंप बंद कर.' 'बाबू, जेवलंस काय?' हे शेवटचं मुलाला फोनवर विचारायचं. शुद्ध मराठीतली वाक्यं म्हणताना माझा आवाज ६८ वर अडकायचा आणि मालवणीत तीच गोष्ट म्हटली की ७२ व्हायचा. बाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, सगळी वाक्यं मालवणीतच ठेवा.

पहिला आठवडा फार कठीण गेला. मला सतत वाटायचं की मी भांडतोय. शेजारचे काय म्हणतील, हा म्हातारा मांगरात कुणावर खेकसतो. बाई रोज एकच विचारायच्या, 'काका, आता कसं वाटलं?' 'ओरडल्यासारखं.' मग माझंच बोलणं रेकॉर्ड करून मला ऐकवायच्या. ऐकताना ते साध्या माणसाचं साधं बोलणं असायचं. ओरडणं त्यात कुठेच नव्हतं. बोलताना एक वाटतं आणि ऐकताना दुसरंच निघतं, हे रोज, रोज, रोज समोर आल्यावर दहाव्या-अकराव्या बैठकीला कुठेतरी आतला काटा हलला. त्या संध्याकाळी मी ओसरीवरून चहा मागितला आणि आतून फक्त भांड्याचा आवाज आला. बायको विचारायला बाहेर आली नाही. मी तसाच बसून राहिलो. खूप दिवसांनी माझं बोलणं पहिल्या खेपेला पोचलं होतं.

सोळावी बैठक संपली तेव्हा 'आऽ' १७ सेकंद आणि बोलणं ७१-७२. अजून एक फरक पडला. सकाळची उकड्या तांदळाची पेज पिताना मला ठसका लागायचा, तो कमी झाला. गिळण्याचं वेगळं तपासून घ्यायला हवं असं बाईंनी बजावलं आहे, कारण पातळ पदार्थ श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. पार्किन्सनच्या माणसाला वारंवार ठसका लागत असेल तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना ही ठरलेल्या मापाची थेरपी मिळाली त्यांचा आवाजाचा त्रास कमी झाला. ज्यांना नेहमीच्या पद्धतीचे वाचा-उपचार मिळाले त्यांच्यात आणि काहीच न मिळालेल्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे मात्रा महत्त्वाची आहे. महिन्यातून एकदा जाऊन 'आ' म्हणून येण्याने भागणार नाही. त्याच अभ्यासात काहींचा घसा ताणला गेल्याचीही नोंद आहे, म्हणून हे पत्र वाचून कुणी आपल्या मनाने ओरडायला सुरुवात करू नये. आणि पुण्याहून मोबाइलवर शिकलेलं खरं का, असं मला गावात विचारतात. ऑस्ट्रेलियात २०११ साली हीच थेरपी समोरासमोर आणि दुरून अशी तुलना करून पाहिली गेली, दुरून शिकलेले मागे पडले नाहीत.

आता पैशाचं. एका बैठकीचे ८०० रुपये, सोळा बैठकांचे १२,८००. माझी ईपीएस-९५ ची पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत आहे. निम्मे मुलाने दिले, निम्मे काजूच्या बियांच्या पैशातून भागवले. बाईंनी त्यांच्या कष्टाचे घेतले, त्यात गैर काही नाही. पण ज्याचा मुलगा डोंबिवलीला नाही आणि ज्याच्याकडे काजूची झाडं नाहीत त्याने काय करायचं? सरकारी आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. सोळा दिवस मांगरात बसून घेतलेल्या उपचाराला त्यांत जागा नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरले आहेत त्यांत पार्किन्सनचं नाव आहे. कायद्याने हा आजार ओळखला आहे. जिल्हा पातळीवर मुलांच्या लवकर निदानासाठी जी केंद्रं उभी करायची आहेत, त्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने वाचा-उपचारतज्ज्ञाचं पद धरलेलं आहे. मुलांचं काम पहिलं, त्याला हात लावायचा नाही. पण कोकणातल्या जिल्ह्यांत म्हातारी माणसं किती आहेत ते बघून असं एखादं पद मोठ्यांसाठीही काढावं, ते होईपर्यंत आठवड्यातल्या दोन दुपारी मोठ्यांसाठी ठेवाव्यात. सिंधुदुर्गात २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. या दोन टोकांच्या मध्ये एक व्हिडिओ कॉल आहे. ग्रामीण रुग्णालयात एक शांत खोली, एक चांगली इंटरनेट जोडणी, एक मोठा पडदा, आणि वेळापत्रक सांभाळणारी एक व्यक्ती, एवढं झालं तरी देवगडच्या माणसाला पुण्याला जावं लागणार नाही आणि पाणंदीत रेंज शोधावी लागणार नाही.

आणि जिला एक रुपयाही लागत नाही अशी गोष्ट म्हणजे डॉक्टरांची ती एक ओळ. निदान झालं त्याच दिवशी, आवाज अजून चांगला असतानाच, गोळ्यांच्या खाली लिहा. सुरुवातीला माणूस लक्ष देऊन शिकू शकतो, दम असतो, रोजचा अभ्यास करायची उमेद असते. आवाज पुरता बसल्यावर, विस्मरण सुरू झाल्यावर सोळा तास नेटाने बसणं फार कठीण होतं. मी एक वर्ष उशिरा गेलो तरी मला जमलं. त्याआधी गेलो असतो तर २०२३ आणि २०२४ या दोन्ही जत्रांना देवळाच्या मागच्या बाजूला उभं राहायची पाळी माझ्यावर आली नसती.

यंदाच्या जत्रेत निम्मं गाऱ्हाणं मी घातलं, निम्मं पुतण्याने. आवाज आता लवकर दमतो, ते मला मान्य करावं लागतं. पहिल्या वाक्याला दीपमाळेपाशी उभी असलेली पोरं 'व्हय म्हाराजा' म्हणाली. दीपमाळेकडूनच आवाज आला, मी कान देऊन ऐकलं.

थेरपी संपली म्हणजे संपलं असं नसतं, रोज सराव लागतो. वाचनाचा सराव म्हणून मी तुमचाच पेपर वापरतो. सकाळी साडेसातला खळ्यात खुर्ची टाकून अग्रलेख मोठ्याने वाचतो, मग बाजारभाव, मग तुमच्याकडे आलेली पत्रं. गेल्या दोन महिन्यांपासून शेजारच्या वाडीतले एक निवृत्त पोस्टमन येऊन बसतात. त्यांनाही हाच आजार आहे, निदान होऊन चार महिने झाले. एक परिच्छेद ते वाचतात, एक मी. त्यांना मी पुण्याच्या त्याच बाईंकडे पाठवलं आहे आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या बैठका सुरू होणार आहेत. मांगरातला बाक आणि चिरा अजून तिथेच आहे, आजूबाजूच्या गावातल्या आणखी कुणाला रेंजसाठी हवा असेल तर खुशाल यावं.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी खळ्यात उभं राहून वाचलं. बायको आत पेजेला आधण ठेवत होती. तिने तिथूनच सांगितलं की तिरफळं जुनी नव्हती, त्याच वर्षीची होती, ते लिहा. म्हणून लिहितो, तिरफळं त्याच वर्षीची होती.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग